अजून हसी हाय

मित्रांनो, मी छापील शर्ट वाळवणारा एक जुना ड्रायर आहे, पण वाळवणं हे माझं खरं काम नाही. मी शाई शिजवतो. शर्टावरची शाई हाताला कोरडी लागली तरी आतून कच्ची असू शकते. ती तळापर्यंत तापली तरच कापडाला धरते. नाहीतर पहिल्याच धुण्यात सुटते.

२०१४ साली सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये मला घडवलं. आठ फुटांचा पत्र्याचा बोगदा, त्यातून सरकणारा जाळीचा पट्टा आणि पट्ट्याच्या चार इंच वर तापणारे रॉड. माझे मालक सयाजीराव, मूळचे बार्शीचे. शाळांचे, मंडळांचे, क्रिकेट संघांचे शर्ट माझ्यातून गेले. कितीही धुतलं तरी छाप हलत नाही, असं गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा मला बरं वाटे.

दोन वर्षांपूर्वी टॉवेल आले. आमच्याकडे लग्नात, सत्कारात टॉवेल-टोपीचा मान असतो; त्या टॉवेलांवर घराण्याचं नाव छापून घेणं सुरू झालं. टॉवेलाची लव चार इंचांवर करपू लागली. मग सिद्धू फिटरने माझे रॉड सात इंचांवर चढवले आणि पट्टा संथ केला. शर्ट घ्यायचे तेव्हा रॉड पुन्हा खाली आणायचे, म्हणून त्याने खांबावर रंगाने दोन खुणा केल्या. काम चार बोल्टचं, अर्ध्या तासाचं.

माझ्या बाहेरच्या तोंडाशी ईरम्मा उभी असे. ती कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. येणारा प्रत्येक कपडा ती दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघे. छाप तडकली की परत पाठवी. सिद्धू तिला इन्स्पेक्टरबाई म्हणून चिडवी, आणि ती त्याला पान्यासकट बाहेर हाकलून देई. अकरा वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

तिची मुलगी दाक्षायणी गावच्या शाळेकडून खो-खो खेळायची. गेल्या श्रावणात ती तापाने गेली. सोळा वर्षांची होती.

डिसेंबरात तिच्या संघाने पंधरा शर्ट सांगितले. छातीवर दाक्षायणीचा हसरा चेहरा. स्पर्धा रविवारी होती आणि शर्ट छापायला शुक्रवार उजाडला. सकाळपासून टॉवेल चालले होते. शर्टांसाठी पट्टा जलद केला, रॉड मात्र वरच राहिले. पातळ कापड आहे, त्याला कितीशी आच लागते, असं सयाजीरावांचं म्हणणं पडलं. चूक तिथे झाली. शिजायचं असतं शाईला, कापडाला नाही.

पहिला शर्ट बाहेर आला. ईरम्माने तो ताणला. मुलीच्या गालावर बारीक भेग उमटली. एरवी ती मराठीच बोले, पण जीव भरून आला की तिची कन्नड वर येई.

"मालक, अजून हसी हाय," ती म्हणाली.

कन्नडमध्ये हसी म्हणजे कच्चं. बार्शीला हा शब्द पोचत नाही. सयाजीरावांनी शर्टावरची हसरी मुलगी पाहिली. आईला तिचं हसू दिसतंय, असं समजून त्यांनी मान खाली घातली.

"व्हय, माय," ते म्हणाले. "दिसतंय मला. जाऊ दे पुढं."

ईरम्माला वाटलं, मालकांना कच्चेपणा दिसतोय, तरी जाऊ दे म्हणतात, म्हणजे चालत असेल. उरलेले चौदा शर्ट तिने ताणले नाहीत. घडी घालून ठेवले. मला आच आहे, वाचा नाही.

नवं कापड धुतल्याशिवाय अंगात घालायचं नाही, ही तिच्या घरची रीत. संघाला देण्याआधी, शनिवारी, तिने पंधराही शर्ट स्वतः धुतले.

सोमवारी ती ते परत घेऊन आली. छातीवर करडे डाग तेवढे उरले होते. मुली शाळेच्या जुन्या शर्टांत खेळल्या होत्या.

"हसी म्हनलं होतं की मी," ती म्हणाली. "कच्चं."

सयाजीरावांनी एक शर्ट उचलून उजेडाला धरला. "मला वाटलं, पोरगी हसतीय म्हणतीस."

ती शर्टावरच्या डागावरून अंगठा फिरवू लागली. मग म्हणाली, "पाण्यात आधी डोळं सुटलं. तवाच थांबाय पायजे होतं. मला वाटलं, साबनाचा फेस हाय."

त्याच दिवशी सिद्धूने रॉड चार इंचांवर आणले. संघाचे पंधरा शर्ट नव्याने छापले गेले. ईरम्मासाठी काढलेला सोळावा घेऊन सयाजीराव स्वतः दुधनीला तिच्या घरी गेले. ईरम्माने तो अंगठ्यांनी ताणला, पक्कं हाय म्हणाली, घडी केली आणि त्यांच्याच हातात परत दिला. हे त्यांनी सिद्धूला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. त्यानंतर ती कामावर आली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना गरजेप्रमाणे बदला, पण काय बदललं ते प्रत्येक कामाआधी बघा. आणि यंत्रापाशी उभं असलेलं माणूस तुम्हाला न कळणारा शब्द बोललं, तर मान खाली घालू नका. म्हणजे काय, असं विचारा. त्यासाठी पट्टा थांबवावा लागला तर थांबवा. लाल बटण माझ्या उजव्या अंगाला आहे. हात सहज पोचतो.