बिट्टीचं मागणं

मंगळवारच्या ताईंनी बिट्टीच्या आईला स्वतःच्या हातांवर बसायला सांगितलं. दोन्ही तळवे मांड्यांखाली घालायचे, सतरंजीवर बसायचं आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. समोर बिट्टी, तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्याचा पेला, आणि आईने तो उचलून द्यायचा नाही.

"तहान लागली असेल हो तिला," आई म्हणाली.

"लागलीच असेल. म्हणून तर पेला ठेवलाय," ताई म्हणाल्या.

बिट्टी साडेतीन वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठर, मान पाच मिनिटांत दमणारी आणि तोंडातून शब्द नाही. समजायचं मात्र सगळं. आजोळी जायचं म्हटलं की चपलांकडे बघायची आणि औषधाची बाटली उघडली की डोळे मिटून घ्यायची. ताई दर मंगळवारी दहा वाजता घरी यायच्या, त्या बिट्टीला शिकवायला नव्हे, आईबापांना शिकवायला. हेच मुळात आईच्या पचनी पडलं नव्हतं. तिला वाटलं होतं, कुणीतरी येऊन तासभर पोरीला सांभाळेल आणि आपल्याला सावकाश अंघोळ करता येईल.

अंघोळ राहिली बाजूला, आता हातांवर बसायची पाळी आली. आणि बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम, आणि रजा महिनाअखेरीला संपत होती. अशा मुलांना सांभाळणारं एकच पाळणाघर जवळपास होतं, आणि तिथे अट होती की मुलाला परक्या माणसाकडे काहीतरी मागता आलं पाहिजे. रडणं चालणार नाही, कारण रडणं भुकेचंही तेच आणि ओल्या दुपट्याचंही तेच. पाळणाघराच्या बाई महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी घरी येऊन बघणार होत्या. जमलं तर जागा बिट्टीची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलाची.

ताईंनी सोपी खूण दिली होती. तळवा छातीवर टेकवायचा, म्हणजे 'हवं'. आई करून दाखवील, पण बिट्टीने तो स्वतः टेकवायचा. "तिच्या हाताला हात लावू नका," ताईंनी बजावलं.

आणि गुरुवारी व्यायामवाले दादा यायचे, ते म्हणायचे, "हात जितका हलवाल तितका मोकळा होईल. दिवसातून पन्नास वेळा तरी हलवा."

आता करायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईने मंगळवारी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की दादांचंही बरोबरच आहे. गुरुवारी दादांना विचारलं, तर ते म्हणाले की ताई म्हणतात तसंच करा.

"दोघंही बरोबर, मग मी एकटीच चुकीची कशी?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "या घरात कात्री कुठे असते तेही मला अजून सापडलेलं नाही."

सासूबाईंचं मत न विचारताच मिळालं. "आम्ही पोरं वाढवली ती काय हातावर बसून? तहानेल्या लेकराला पाणी द्यायला आकडे कसले मोजायचे?"

डोक्याचा पार भुगा झाला, तेव्हा आईने आपल्या मनाने तोडगा काढला. चारपर्यंत मोजायचं, मग बिट्टीचा हात आपल्या हातात घ्यायचा, दोघींचे हात मिळून तिच्या छातीवर टेकवायचे, "हवं" म्हणायचं आणि पाणी द्यायचं. दादांचा व्यायामही झाला आणि ताईंची खूणही. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात तिने हे तीन आठवडे रोज चाळीस-पन्नास वेळा केलं. ताईंपुढे मात्र शहाण्या मुलीसारखी हातांवर बसायची. ताई दर खेपेला म्हणायच्या, अजून थोडा धीर धरा.

शेवटच्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी ताईंनी पेला ठेवला. बिट्टीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिचा डावा हात थरथरत वर आला, आईच्या दिशेने पुढे झाला आणि तसाच हवेत थांबला.

"हे काय करतेय ती?" ताईंनी विचारलं.

"मागतेय की," आई हरखून म्हणाली. "हात मला देते. मग मी तो धरून छातीवर नेते." बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की आपला चोरून चाललेला तोडगा आपणच उघड केला.

ताईंनी त्या हवेतल्या हाताकडे पुन्हा पाहिलं. "म्हणजे तिच्या हिशेबी मागणं म्हणजे आईच्या हातात हात देणं," त्या म्हणाल्या.

"मग हे चांगलं झालं की वाईट?"

"चांगलं. मागितलं की मिळतं, एवढं तिला कळलंय." ताईंनी चष्मा काढून पुसला. "पण मागायलाही तिला तुम्हीच लागता. खरं सांगू? यावर काय म्हणावं, मलाही कळत नाहीये."

ताईंनाही कळत नाही म्हटल्यावर आईचा धीरच सुटला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. तो हवेत थांबलेला हात फक्त तिच्याकडे यायचा, आजीकडे नाही, बाबाकडे नाही, आणि ते तिला फार आवडलं होतं.

सात दिवस उरले होते. सातही दिवस ती हातांवर बसली. बिट्टी हात पुढे करायची, वाट बघायची, हात दमून खाली पडायचा आणि ती ओठ काढायची. सासूबाई उठून आतल्या खोलीत जायच्या. सातवर आईचा आकडा हुकायचा आणि ती पुन्हा एकपासून सुरू करायची. दहा झाले की पाणी द्या, असं ताईंनी सांगितलं होतं, म्हणून ती द्यायची. चौथ्या दिवशी तिला शंका आली की पोरगी छातीला हात लावायचं सोडून मोजायलाच शिकली असावी.

शेवटच्या मंगळवारी पाळणाघराच्या बाई आल्या. ठेंगण्या, जाडजूड, मोठ्या आवाजाच्या. खुर्ची नाकारून त्या सरळ सतरंजीवर बसल्या. पेला त्यांच्या गुडघ्याजवळ. ताई खिडकीपाशी. त्यांनी मध्ये बोलायचं नाही आणि आईने तर नाहीच नाही.

बिट्टीने पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे. हात वर आला आणि आईकडे पुढे झाला.

एक. दोन. तीन. आईच्या मांड्यांखाली बोटं वळवळत होती. पोरीचा हात असा हवेत आणि आपण दगडासारख्या बसलोय, ही कसली आई, असं तिला वाटलं. सहावर तिला बघवेना. तिने मान खाली घातली आणि सतरंजीचे पट्टे बघत राहिली.

तिने मान वर केली तेव्हा हात तिच्या दिशेला नव्हता. बिट्टीने सगळ्या अंगानिशी वळून तो बाईंच्या पुढे धरला होता.

बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी तो हात धरून हलवला. "कशी आहेस गं राणी?"

बिट्टीने कपाळाला आठ्या घातल्या. हात सोडवून घेतला आणि पुन्हा दिला.

"परत? बरं बाई, परत," बाई म्हणाल्या.

आईच्या अगदी जिभेवर आलं होतं. ताईंनी दुरूनच मान हलवली. तिने ओठ दाताखाली दाबला.

बिट्टीने या वेळी हात सोडवला नाही. बाईंचा जाडजूड हात आपल्या हातासकट तिने ओढायला सुरुवात केली. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने तो छातीपर्यंत आणला, टेकवला आणि पेल्याकडे बघितलं.

"अगं, पाणी हवंय होय तुला?" बाई म्हणाल्या आणि पेला तिच्या ओठांना लावला. पोरगी पीत असताना त्या मागे न बघताच म्हणाल्या, "एक तारखेपासून आणा हिला. दुपटी जास्त द्या."

आतल्या दारात सासूबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. ताई हसत होत्या. आई अजून हातांवरच बसली होती.

"काढा आता हात," ताई जवळ येऊन म्हणाल्या.

तिने हात काढले. दोन्हीही बधिर झाले होते. जे हवं होतं ते झालं होतं, रजा, दुकान, पाळणाघर, सगळं मार्गी लागलं होतं, आणि तिला हुंदका आवरत नव्हता.

"ताई, मला वाईट का वाटतंय?"

"पोर दुसऱ्याकडे पाणी मागतं तेव्हा वाईट वाटतंच," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्या आयांचं पोर कधीतरी शेजारी पाणी पिऊन येतं. त्यांना पत्ताही नसतो. तुम्हाला समोर बसून बघावं लागलं."

पेला रिकामा झाला. बिट्टीला आणखी हवं होतं. तिने हात पुढे केला, बाईंकडेच, आणि आईने तो करू दिला.