टाकीची वाकळ

पलटणीतून घरी येऊन नानासो हवालदारांना वीस वर्षं झाली होती. पण चारचौघांत झालेली फजिती ते अजूनही जुन्या जखमेसारखी जपून ठेवत. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहीणबाई राहीबाई साताऱ्याहून आटपाडीला आल्या. भर दुपारी जेवणाआधी हात धुवायला त्यांनी नळ सोडला आणि चटका बसून हात मागं घेतला. स्लॅबवरची काळी टाकी सकाळपासून उन्हात तापलेली. राहीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इवाई, तुमच्यात हात धुवायला बी च्याच देत्यात व्हय?"

सगळी पंगत हसली. 

यंदा राहीबाई शुक्रवारी येणार, असा लेकीचा फोन आला. नानासोंनी तिथंच ठरवलं, शुक्रवारी दुपारी नळाला गार पाणी आलं पाहिजे म्हणजे आलं पाहिजे.

मंगळवारी त्यांनी माळ्यावरची वाकळ काढली. बायकोनं, धोंडुबाईंनी, आठ जुन्या लुगड्यांची शिवलेली जाडजूड वाकळ. ती टाकीभोवती गुंडाळून सुंभानं आवळली.

धोंडुबाई खालून ओरडल्या, "आवं, पांघरूण घातल्यावर मानूस गार हुतंय का गरम?"

"कोरडं घातलं तर गरम. वलं घातलं तर गार. राजस्थानात आमच्या बाटलीला लोकरीचं टोपडं असायचं. ते भिजवलं की वाळवंटात बी पानी गार!"

शेजारचा बादशहा रस्त्यावर सायकल थांबवून वर बघत राहिला. "नाना, टाकीला हिवताप आलाय काय? काढा पाजा की!"

नानासोंनी कान दिला नाही. दर तासाला बादली भरायची, शिडी चढायची, वाकळीवर ओतायची. गुडघे कुरकुरत, पण हुकूम तो हुकूम. बुधवारी पाणी कोमट झालं. गुरुवारी दुपारी त्यांनी बादशहाला हाक मारून नळाखाली हात धरायला लावला.

"आयला, लय गार की गड्या!"

मग तर नानासोंना चेवच चढला. एकाच्या जागी दोन बादल्या ओतायला लागले.  गावचं पाणी चौथ्या दिवशीच येतं आणि तेव्हाच टाकी भरते, हे आठवून धोंडुबाईंनी परसातला रांजण तेवढा गळ्यापर्यंत भरून ठेवला.

शुक्रवारी राहीबाई उन्हातून आल्या. नानासो ताठ उभे राहिले.

"इहीणबाई, आदी हात धुवा."

त्यांनी स्वतःच्या हातानं नळ सोडला. नळ खोकला, फुसफुसला आणि गप्प झाला. राहीबाईंनी हात तसाच धरून ठेवला.

"व्हय वो, औंदा गार हाय. पर हे तर वारं हाय."

"आवं, तीन दिस बादल्या कुटनं भरत हुता?" धोंडुबाईंनी विचारलं.

"नळातनं."

"आन नळाला पानी कुटनं येतंय?"

नानासोंनी वर टाकीकडं पाहिलं. पलटणीत पाणी आणायला दुसरा जवान असायचा, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

धोंडुबाईंनी रांजणातून तांब्या भरून विहिणीच्या हातावर ओतला, दुसरा प्यायला दिला. राहीबाईंनी तो एका दमात संपवला.

"इहीणबाई, ह्यो रांजण कंच्या पलटणीत हुता?"

नानासो हे ऐकायला थांबले नाहीत. वाकळ उतरवायला शिडीवर चढले होते. पाणी पिऊन रेडकाएवढी जड झालेली वाकळ त्यांनी कशीबशी अंगणातल्या लिंबाखाली उतरवली, पण पिळायला एकटा माणूस पुरेना. राहीबाईंनी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. दोघांनी पीळ दिला तशी लिंबाच्या बुडात धार लागली. राहीबाईंनी एक हात सोडून धारेखाली धरला.

"इवाई, सापडलं बगा तुमचं पानी."

"गार हाय का?" नानासोंनी अधीर होऊन विचारलं.

"बर्फ हाय बर्फ!"

"मग? मी काय म्हनत हुतो?" नानासोंची छाती फुगली, आणि त्यांनी वाकळीला आणखी एक पीळ दिला.