पायरीवरची गोपद्मं

"मोजताना बोलायचं नाही हं. तेहेतीस झाली की मगच मान वर करायची," आई सांगायची. स्वतः गोपद्मं काढायला बसली की दारात कोणी आलं तरी तो माणूस तसाच उभा राहायचा.

लग्नानंतर लगेच धरायचं हे व्रत माझं राहून गेलं होतं. आई गेली त्या वर्षी इंग्लंडात, लीड्सला असताना धरलं. चातुर्मासभर रोज सकाळी रांगोळीने गायीची तेहेतीस पावलं काढायची, हळदकुंकू वाहायचं, अशी पाच वर्षं. यंदा पाचवं. आणि नेमकं याच उन्हाळ्यात आम्ही माझ्या नवऱ्याच्या, रॉबच्या गावी राहायला आलो. त्याला इथल्याच दवाखान्यात फॅमिली डॉक्टरची जागा मिळाली. त्याला सगळे लहानपणापासून ओळखतात. मी दुकानात गेले की माना वळतात. वाईट मनाने नाही, पण वळतात. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला, अन्वीला विचारतात, तू मूळची कुठली. ती सांगते, लीड्सची. तरी ते पुढच्या उत्तराची वाट बघत थांबतात.

आमच्या दारावर छोटंसं छप्पर आहे. त्याखालच्या पायरीवर मी साडेसहाला बसते. समोरच्या मिसेस हॉलरॉइड त्याच सुमाराला कुत्र्याला घेऊन निघतात. सुरुवातीला रोज 'मॉर्निंग' म्हणायच्या. माझं मनात सतरा, अठरा चाललेलं. तेहेतीस होऊन मान वर करेपर्यंत त्या वळणापलीकडे गेलेल्या असायच्या. पुढे त्यांनी म्हणणं सोडलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि गोपद्मं नाहीशी व्हायला लागली. रॉब अन्वीला गाडीतून शाळेत सोडून कामावर जातो. ते गेल्यावर मी दार उघडलं की पायरी ओली आणि रिकामी. पाऊस तिथवर येत नाही. रॉबला सांगितलं, तर म्हणाला, वाऱ्याने उडत असेल. वाऱ्याने पायरी ओली कशी होईल, हे मी विचारलं नाही.

माझा संशय समोरच्या घरावर. हातात जपाची माळ आणि लक्ष खिडकीबाहेर. एक माळ पुरी होईना. पुसलेलं व्रतात धरायचं की नाही? पाचव्या वर्षी मोडलं तर पहिल्यापासून पाच वर्षं करायची? विचारायला आता आई नाही. दिवसातून दहा वेळा दाराशी जायचे, परत यायचे, कुकर लावला की नाही तेही आठवायचं नाही.

गुरुवारी दोघं निघाले, तशी मी पडद्याआड उभी राहिले. गाडी सुरू झाली. मग अन्वी काहीतरी विसरल्यासारखी एकटीच पळत परत आली, दप्तरातली बाटली काढली आणि सगळं पाणी पायरीवर ओतलं. बुटाने घासलं. कोपऱ्यात एक पाऊल राहिलं होतं, ते वाकून हाताने पुसलं.

मी दार उघडलं. ती दचकली, पण पळाली नाही.

लाज वाटते का तुला, एवढंच मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावाच्या ऑनलाइन ग्रूपवर कोणीतरी आमच्या पायरीचा फोटो टाकलाय. शाळेतल्या मुलीने दाखवला. कुत्री पळवणारे चोर घरांवर अशा खुणा करून ठेवतात म्हणे. खाली साठ कॉमेंट्स. त्यातली एक अन्वीला पाठ होती. ती बाई रोज तिथे बसते आणि हाक मारली तरी बघत नाही.

तोवर रॉब गाडीतून उतरून आला होता. त्याने उभ्याउभ्या फोनवर सगळं वाचलं. कान लाल झाले त्याचे. आत्ता दोन ओळी लिहितो, म्हणाला, मला ओळखतात सगळे, मिटून जाईल.

"नको, डॅडी," अन्वी म्हणाली. "तू लिहिलं की ते म्हणणार, ओह, रॉबचं घर आहे, मग ओके. आईला कोणी विचारणारच नाही."

रॉबने फोन खाली घेतला.

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग ना. तू कधी बोलतच नाही कोणाशी. त्यांना वाटतं, तू चोर आहे."

माझा आवाज मुळात लहान, आणि इथलं इंग्लिश मला फोनवर तर अर्धंच कळतं. तरी म्हटलं, "सांगेन."

"कधी?"

"आज. तू शाळेतून यायच्या आत."

"प्रॉमिस?"

"हो. आणि उद्यापासून पाणी नाही ओतायचं."

"ओके," ती म्हणाली, आणि ओला हात माझ्याच पदराला पुसून गाडीत जाऊन बसली.

सकाळ गेली. दोनदा चहा केला, दोन्हीदा गार झाला. आरशासमोर वाक्यं जुळवली. हे आमचं धार्मिक आहे, असं सुरू करावं? त्याआधी माफी मागावी? कारण मिसेस हॉलरॉइड महिनाभर रोज हाक मारत होत्या, आणि मी एकदाही, नंतर का होईना, त्यांच्या दारी गेले नव्हते. ती चूक काही व्रताची नव्हती, माझी होती.

अडीच वाजले. समोरच्या घरात त्यांची सावली हलताना दिसली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी कार्डिगन चढवलं, दार ओढून घेतलं, आणि दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडायला निघाले.