टेगनचा बिल्ला

मर्व्ह पेंगेलीने एकतीस वर्षं खाणीत काढली आणि गुडघे गेल्यावर नगरपालिकेने त्याला गावच्या पोहण्याच्या तलावावर राखणीला बसवलं. येताना त्याने खाणीतली एकच गोष्ट सोबत आणली, ती म्हणजे बिल्ल्यांचा बोर्ड. खाली उतरताना आपल्या नावाचा बिल्ला खिळ्याला लावायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. एक जरी बिल्ला उरला तरी सुरुंग उडवायचा नाही आणि कुणी घरी जायचं नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. तलावावर येणाऱ्या प्रत्येक पोराला मर्व्हने पत्र्याचा बिल्ला करून दिला होता. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही, सगळ्यांचे बाप खाणीतलेच.

इकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो; त्याची सहा आठवड्यांची सुट्टी लागली की ऐपतीचे लोक समुद्राकडे पळत. उरलेल्यांना त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तलावाशिवाय होतं काय? शाळेतल्या समुपदेशक बाईही ॲडलेडला निघाल्या. जाण्याआधी त्या मर्व्हकडे आल्या.

"टेगनवर जरा लक्ष ठेव, मर्व्ह. चौदा वर्षांची पोर, वर्षभर दर मंगळवारी माझ्याकडे येऊन बसायची. आता सहा आठवडे तिला कुणीच नाही. घरचं तर तुला ठाऊकच आहे."

"माझ्या हातून अजून एकही पोर बुडालेलं नाही," मर्व्ह छाती फुगवून म्हणाला.

"मी पाण्याचं बोलत नाहीये रे," बाई म्हणाल्या. पण त्यांची गाडी सुरूच होती आणि वाट पाच तासांची होती.

टेगन रोज दहाच्या आधीच दारात उभी असे आणि सातला तलाव बंद झाला तरी सगळ्यांच्या शेवटी निघे. पाण्यात ती फारशी उतरायचीच नाही. मर्व्हच्या खिडकीखाली सावलीत बसून बर्फाच्या कांड्या चोखत राहायची.

"आणखी दहा मिनिटं, मर्व्ह."

"कालही दहाच म्हणालीस आणि साडेसात वाजवलेस. माझी बायको म्हणेल, आता तलावातच झोप."

"मग झोप की. मी पण थांबते."

"चल पळ, आगाऊ कुठली!"

ती हसायची, बिल्ला काढायची, जायची. बोर्ड रिकामा झाला की मर्व्हला हायसं वाटे. बिल्ला उतरला म्हणजे माणूस सुखरूप, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. घरात शिरण्याआधी ही पोर कोपऱ्यावर कितीतरी वेळ नुसती उभी राहते, हे त्याने गाडीतून दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्याने हॉर्न वाजवून हात हलवला आणि पुढे गेला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी टेगनने आपला पोहण्याचा चष्मा सात वर्षांच्या इंडीला देऊन टाकला.

"आणि तुला गं?" मर्व्हने विचारलं.

"मला नको आता."

पोरगी मोठ्या मनाची आहे, असं त्याला वाटलं. तो पंप बघायला मागे गेला. सातला परत आला तर बोर्डावर एक बिल्ला होता, टेगनचा. कपड्यांसकट मर्व्हने पाण्यात उडी टाकली, तळ चाचपला, मग निथळत, लंगडत कपडे बदलायच्या खोल्या पाहिल्या. कुणी नव्हतं. त्याने तिच्या घरी फोन लावला.

"आलीय ती. खोलीत पडलीय," आई म्हणाली. "का, काय केलं तिने?"

"काही नाही. बिल्ला विसरली."

भीती ओसरली आणि तिच्या जागी राग आला. "उद्या कानच उपटतो कार्टीचे," तो पुटपुटला आणि बिल्ला काढून खिशात टाकला. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावलं नव्हतं. मग कुलूप लावून तो घरी गेला.

सकाळी दहाला दारात कुणी नव्हतं. अकराला पोलीस आले. टेगनने आयुष्य संपवलं होतं.

"काही बोलली होती का?" हवालदाराने विचारलं.

"नाही," मर्व्ह म्हणाला.

आणि बोलायला राहिलं होतं काय? खाणीच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल त्या बिल्ल्याचा अर्थ. मी अजून खाली आहे, मला सोडून जाऊ नका. मर्व्हला तो अर्थ इतरांपेक्षा जास्त ठाऊक होता, आणि तरी त्याने तो बिल्ला खिशात घालून नेला. बाईंना कळवायला त्याने शाळेचा नंबर फिरवला. शाळा एकोणतीस जानेवारीला उघडेल, असं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेने तलावाच्या भिंतीवर मदतीच्या फोन नंबरचं रंगीत पत्रक चिकटवलं. बैल गेला अन् झोपा केला.

मर्व्हने बिल्ला परत खिळ्याला लावला. संध्याकाळी पोरं आपापले बिल्ले काढून गेली. इंडी मागे रेंगाळली. चष्मा तिच्या कपाळावर होता.

"आई म्हणते, टेगन आता कधीच येणार नाही. पण मर्व्ह, तिचा बिल्ला तर आहे."

"हो."

"मग ती आत आहे?"

"वर आली नाही ती," मर्व्ह म्हणाला.

इंडीने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग आईने हाक मारली आणि ती गेली. मर्व्ह किल्ल्या हातात घेऊन बोर्डासमोर बसून राहिला.