मी गाल भरत नाही

मी एक जुनी कोरफड आहे, मित्रांनो, आणि आज मला फार राग आला आहे. ब्यूटी पार्लरच्या खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात मी तेरा वर्षे उभी आहे. डब्यावर चिठ्ठी होती: 'नैसर्गिक फिलर. सुईशिवाय भरलेले गाल.' ती मी लिहिलेली नव्हती.

मी जन्मले एका बेकरीच्या मागच्या दारी, आईच्या बुंध्याशी फुटलेले बोटभर पिल्लू म्हणून. पार्लरवालीची आई त्या बेकरीत भट्टीवर होती. हाताला चटका बसला की ती आधी हात नळाखाली धरायची. मग माझे बाहेरचे एक पान कापून काचेच्या पेल्यात उभे ठेवायची, कापलेली बाजू खाली. माझ्या सालीखाली पिवळा चीक असतो. तो त्वचेला झोंबतो, म्हणून तासभर तो निथळू द्यावा लागतो. "तिला आधी रडून घेऊ दे, मग हात लाव," असे ती लेकीला बजावायची. नंतर पान धुऊन, सोलून, फक्त पारदर्शक गर चटक्यावर ठेवायची. गार वाटायचे. माझे काम एवढेच होते आणि त्याचे कौतुकही होते.

पुढे लेकीने पार्लर काढले आणि मला सोबत आणले. गिऱ्हाइके गाल भरणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारू लागली. ते काम डॉक्टरांचे, हिला ते येत नव्हते. मग तिने चिठ्ठी लिहिली.

समोरच्या हॉटेलच्या काउंटरवर एक बाई बावीस वर्षे उभ्या असायच्या. खिडकीतून मला त्या रोज दिसत. एका शुक्रवारी त्या इथे येऊन धपकन खुर्चीत बसल्या.

"मॅनेजर म्हणाला, काउंटरवर ताजे चेहरे हवेत. सोमवारी ठरवणार आहे. इंजेक्शनाची मला भीती वाटते गं. तुझं ते नैसर्गिकच कर."

"बसा ताई. दहा वर्षं मागे नेते. घरी नवरा ओळखायचा नाही."

"तो आत्ता तरी कुठे वर बघतो!"

दोघी हसल्या. पार्लरवालीने माझे पान कापले आणि सालीसकट, चिकासकट मिक्सरमध्ये टाकले. पेला समोरच होता, रिकामा. मग तो लगदा बाईंच्या गालांना लावून त्यावर बारीक सुयांचा रोलर फिरवला. "म्हणजे आत मुरेल," ती म्हणाली.

"झोंबतंय गं."

"झोंबणारच. झाडपाल्यानं कुणाचं कधी बिघडलंय का?"

बिघडते, मित्रांनो! विषही झाडांत तयार होते. वयानुसार त्वचेखालची चरबी आणि हाड थोडे थोडे झिजते, म्हणून गाल बसतात. तिथवर माझा गर पोहोचत नाही. मी पाणी धरते, त्यामुळे सुरकुती घटकाभर बुजल्यासारखी दिसते. तोंड धुतले की संपले. खरे तर उन्हापासून त्वचा जपली, सिगारेट टाळली, पुरेशी झोप घेतली तर चेहरा जास्त काळ टिकतो. पण हे सांगून खुर्ची भरत नाही.

सोमवारी बाई काउंटरवर उभ्या राहिल्या. गाल लालभडक, डोळे सुजून बारीक झालेले. दुपारी तिथे दुसरीच मुलगी उभी होती. बाईंना आत टेलिफोनच्या खोलीत बसवले, जिथे चेहरा लागत नाही.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. सूज उतरली होती. पार्लरवालीची आई त्या दिवशी लेकीला भेटायला आली होती.

"डॉक्टर म्हणाले, डाग जायला वर्ष लागेल," बाई म्हणाल्या. "सुरकुत्या मात्र जिथल्या तिथे आहेत. मोजून घे."

"ताई, मला खरंच वाटलं होतं..."

"रडू दिलं होतंस का तिला?" आईने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

पार्लरवालीने मान खाली घातली. बाईंनी नखाने माझ्या डब्यावरची चिठ्ठी खरवडून काढली, तिच्या हातात ठेवली आणि त्या टेलिफोनच्या खोलीकडे परत गेल्या.

मित्रांनो, मला पाणी कमी घाला, ऊन बेताचे द्या, पण माझ्या नावावर खोटे बोलू नका. आणि बावीस वर्षे राबलेल्या चेहऱ्याला शिळा म्हणण्याआधी स्वतःची जीभ तपासा.

आज सकाळी पार्लरवालीचे बोट इस्त्रीने भाजले. माझे पान आता पेल्यात उभे आहे आणि पिवळे थेंब तळाशी साचत आहेत. तासभर मला कुणी हात लावू नका.