आत्मचिंतनाचे सातवे पान

मी एक जुनी फाइल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, अध्यापक महाविद्यालयाच्या कपाटातली. मित्रांनो, तुमच्या वर्गावर कधीकधी महिनाभरासाठी नवख्या बाई येतात, आठवते ना? त्या शिक्षिका व्हायला शिकत असतात. पाठ संपला की तो कसा झाला, कुठे चुकले, हे त्यांनी माझ्यासारख्या फाइलीत प्रामाणिकपणे लिहायचे असते. त्याला आत्मचिंतन म्हणतात.

मला जिने तयार केले ती मोठी हौशी. तिने समास आखले, तक्ते चिकटवले, मुलांनी दिलेल्या चिठ्ठ्याही लावल्या. पण सातवा पाठ सपशेल फसला. अपूर्णांक शिकवताना एका मुलीने तीच शंका तिसऱ्यांदा विचारली आणि ही तिच्यावर खेकसली. त्या मुलीने पुन्हा वर्गात तोंड उघडले नाही. हे सारे तिने रडत रडत माझ्यात लिहिले होते. मैत्रिणीने ते वाचले.

"वेडी आहेस का? असलं लिहिल्यावर मार्क कोण देणार?"

ते पान निघाले. त्याच्या जागी नवे आले : 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. सर्व शंकांचे निरसन झाले.'

मला पहिला क्रमांक मिळाला. प्राचार्यांनी तोंडभरून स्तुती केली. खोटे कशाला बोलू, मीही फुगून गेले. नमुना म्हणून मी कपाटात बसले आणि तेव्हापासून दर वर्षी माझी नक्कल होते. काही जणी तर पाठ घेण्याआधीच त्याचे आत्मचिंतन उतरवून मोकळ्या होतात.

परवा एकीने सातवे पान जसेच्या तसे उतरवले. अगदी माझ्यातली पटसंख्यासुद्धा. परीक्षक बाईंनी नेमके तिथेच बोट ठेवले.

"बेचाळीस मुलं? तुमच्या वर्गात तर तेवीसच आहेत."

तिने घाईघाईने आपली फाइल मिटली.

"मग खरं काय झालं त्या तासाला?"

"फळ्यावर गणित सोडवताना एक मुलगी चुकली, बाई. मला हसू आलं. मग सगळा वर्गच हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही."

"तिच्या घरी गेलात?"

"नाही. फाइल पूर्ण करायची होती."

ती नापास झाली. नमुना म्हणून मीही त्याच टेबलावर होते. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण पुठ्ठ्याला कुठला आलाय आवाज? संध्याकाळी मला पुसून पुन्हा कपाटात ठेवले. सोमवारी नवी तुकडी येते आहे.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी हात जोडते, मला जपू नका. कुणीतरी मला फाडा, रद्दीत घाला, काहीही करा. आणि शाळेत यायची थांबलेली ती मुलगी तुमच्या वर्गातली असेल, तर आजच तिच्या घरी जा. तिला सांगा, चूक बाईंची होती. हे कुठल्याच फाइलीत लिहिलेले नाही, म्हणून तुम्हीच सांगा.