कवळं पापलेट

"आधी कॅमेरा खाली ठेव, मग बोल," मोहियोद्दीन म्हणाला. हातातली सुरी त्याने बादलीत बुडवली.

लातूरच्या मच्छी मार्केटात बत्तीस वर्षं त्याचं दुकान होतं. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. किनाऱ्यावरून बर्फात येणारी पेटी तेवढी ओळखीची. मागच्या वर्षी कुणीतरी त्याच्या दुकानाचा व्हिडिओ काढून, मासळीला औषध मारतात म्हणून मोबाइलवर फिरवला होता. दोन महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. औषध त्याने जन्मात हातात धरलं नव्हतं.

समोर उभी होती मंजुश्री. कोकणातल्या समुद्रात मासे का कमी होत चाललेत, यावर ती माहितीपट करत होती. बंदरातून निघालेल्या पेटीमागे ती इथवर आली होती.

"चाचा, फक्त पेटी उघडताना घेते."

"कुठल्या खात्याची हायस?"

"खात्याची न्हाई. रेणापूरची हाय."

"रेणापूरची पोरगी समुद्रावर काय करायलीय?"

तिने ओळखपत्र पुढे केलं. त्याच्या लेकीने, सदफने, ते वाचलं. "अब्बा, खरं हाय."

"कार्ड कुनीबी छापतंय."

तरी ती चार दिवस रोज सकाळी आली, कॅमेरा पिशवीत ठेवून. पाचव्या दिवशी तिने लॅपटॉपवर जाळं वर येताना दाखवलं. जाळ्यात प्लास्टिक, कचरा आणि तळाशी मूठभर पापलेटं, तळहाताएवढी.

"ही पिल्लं हायत, चाचा. एकदाबी अंडी दिली न्हाईत यांनी."

मोहियोद्दीन पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. जाळं मुद्दाम उथळ पाण्यात टाकलं असेल. असलं दाखवून ही आपल्या तोंडून काहीतरी काढणार. तो उठला, त्या दिवशी आलेली पेटी उघडली. बर्फात तेवढीच पापलेटं होती, तळहाताएवढी.

"पहिल्यानं ताटाएवढं यायचं," तो पुटपुटला.

"मग गिऱ्हाइकाला काय सांगता?"

सदफने मान खाली घातली. मोहियोद्दीनने एक पापलेट उचलून तळहातावर ठेवलं.

"लाव तुझा कॅमेरा," तो म्हणाला. "आठ-दहा वर्षं झाली, बारीक येऊ लागलं. लोक विचारायचे, एवढं लहान कसं? मी म्हनायचो, कवळं हाय, लई चवीचं. खोटं बोललो. लेकरं हायत, मला ठाऊक होतं."

कॅमेरा बंद झाल्यावरही त्याला वाटत राहिलं, ही यातलं सोयीचं तेवढंच ठेवणार.

दिवाळीनंतर एका कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. तो दाराजवळ बसला, वाकडं काही दिसलं तर उठून जाता यावं म्हणून. त्याचं बोलणं जसंच्या तसं होतं.

बाहेर कस्तुराबाई आडव्या आल्या. वीस वर्षांच्या गिऱ्हाईक.

"भाई, इतकी वरसं आमाला फसवलाव?"

"हाव, बाई."

हेही खरं की खोटं, असं त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "मग उद्या काय हाय?"

"रोहू. मांजरा धरनातला. पापलेट मागवायचं बंद केलं."

त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मग कस्तुराबाई आल्या. त्यांनी स्वतः एक रोहू उचलला आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच बोटाने कल्ला उघडून आत ताजी लाली आहे का ते पाहिलं. त्यांच्या हातावर उजेड पडावा म्हणून मोहियोद्दीन जरा बाजूला सरकला.